या, बसा, चहा टाकते

माझा गुडघा फाटला तो "या, बसा, चहा टाकते" हे वाक्य म्हणताना. त्यातलं "या" म्हणून झालं होतं, "बसा" तोंडात होतं, आणि चहापर्यंत वाक्य पोहोचलंच नाही.

मार्चमधली संध्याकाळ होती. माणिकपूरच्या शाळेतून शिकवून घरी आले होते आणि घरामागच्या वाडीत मोगऱ्याच्या वाफ्यात उकिडवी बसले होते. आमचं घर निर्मळ नावाच्या गावात. मागे वाडी आहे, म्हणजे केळी, थोडे नारळ, अळू आणि एका कडेला माझा मोगरा. नवऱ्याने दुपारी पंप लावून पाणी सोडलं होतं. पाटात चिखल झाला होता आणि माझा उजवा पाय त्यात घोट्यापर्यंत रुतला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. पलीकडच्या आळीतल्या एक बाई सत्यनारायणासाठी केळीचे खांब मागायला आल्या होत्या. मी मान वळवली, मग अंग वळवलं आणि वळता वळताच उठले. मी सगळी वळले, पाय मात्र चिखलात होता तिथेच राहिला. गुडघ्याच्या आत काहीतरी कट्‌ करून वाजलं.

त्या बाईंना केळीचे खांब मिळाले आणि चहाही मिळाला. लंगडत जाऊन मीच टाकला. कप हातात घेत त्या म्हणाल्या, "अगं, पायाला लागलंय तर कशाला उठलीस?" हे त्यांनी चहा आल्यावर विचारलं, आधी विचारलं नाही. या प्रश्नाची वेळ आमच्या गावात ठरलेली आहे.

मोगऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं मी त्याच्यासाठी सोसलं. आमच्या फाटकाला कडी आहे, पण ती लावली तर लोक विचारतात की घरात भांडण झालंय का. त्यामुळे फाटक उघडंच असतं आणि दिवसभर कोणी ना कोणी येत असतं. कोणाला केळीची पानं हवी असतात, कोणाला पूजेला फुलं, कोणाला नुसतं विचारायचं असतं की बाजारात गेला होतात का. घरात मी कुठेही असले तरी फाटकातून दिसते. मोगऱ्याची झुडपं मात्र कमरेपर्यंत येतात. त्यांच्यामागे उकिडवं बसलं की मी रस्त्यावरून दिसत नाही, फाटकातून दिसत नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतूनसुद्धा दिसत नाही. मी तिथे कळ्या खुडायला बसते असं सगळ्यांना वाटतं. कळ्या लवकर खुडून होतात. उरलेला वेळ मी नुसती बसलेली असते. माझ्या आयुष्यात मला कोणी हाक मारू शकत नाही अशी ती एकमेव जागा आहे, आणि तिथे जायचं तर उकिडवं बसता यायला हवं. त्या संध्याकाळी मी गप्प बसले असते तर काही झालं नसतं. पण फाटक वाजलं की तोंडातून "या, बसा" आपोआप निघतं, त्याला मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रेमध्ये हाडं सुरेख आली. "हाडांना काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि नवऱ्याने घरी येऊन "काही झालेलं नाही" असं सांगितलं. मधला हाडांचा शब्द वाटेत कुठेतरी सांडला. एक्स-रेमध्ये फक्त हाडं दिसतात, हाडांच्या मधलं काही दिसत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. म्हणून काही न झालेला तो गुडघा घेऊन मी शाळेत जायला लागले.

एके दिवशी वर्गात खुर्चीवरून उठायला गेले तर गुडघा सरळच होईना. दाराच्या फटीत खडा अडकावा आणि दार लागू नये तसं झालं. पोरं गृहपाठाच्या वह्या घेऊन उभी आणि मी एक पाय वाकवून टेबलाला धरून उभी. एका मुलीने विचारलं, "टीचर, हा योगा आहे का?" मी हो म्हटलं. पाय हळूहळू हलवला तेव्हा आत काहीतरी सरकलं आणि तो सुटला. मला दरदरून घाम फुटला होता.

मग आम्ही गुडघ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात रेलिंगला लटकून वर चढणाऱ्या आणि पायरीवर बसून खाली उतरणाऱ्या लोकांची रीघ लागलेली असते. जो धडपणे वर चढून जाईल त्याला बरा समजून परत पाठवत असावेत असं मला वाटलं. मी तर रांगेत सगळ्यांच्या मागे होते.

डॉक्टरांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटाने दाबलं, मग पाय वाकवून बाहेर फिरवला. मी अशी ओरडले की बाहेरच्या बाकावरच्या लोकांचं बोलणं थांबलं. "हं," डॉक्टर समाधानाने म्हणाले आणि त्यांनी एमआरआय लिहून दिला. एमआरआयच्या नळकांड्यात मी अर्धा तास पडून होते. आत कोणीतरी पत्रे ठोकत असल्यासारखा आवाज चालू होता, पण खरं सांगते, मला फार बरं वाटलं. तिथे फाटक नव्हतं.

रिपोर्ट आला. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या मेनिस्कसचं मागचं टोक फाटलं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा गुडघा होता, पण त्यातला नेमका मेनिस्कसच कुठेतरी हरवला होता, त्यामुळे त्यांनी अंगठा आणि बोट वाकवून दाखवलं. मांडीचं हाड खाली गोलसर असतं, पायाचं हाड वर सपाट. गोल वस्तू सपाटावर डुगडुगणारच. म्हणून मध्ये मेनिस्कस असतात, कूर्चेच्या चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. त्या गोलाला कडेने धरून ठेवतात, वजन वाटून घेतात, धक्के खातात. आपण उकिडवं बसलो की त्यांच्या मागच्या टोकांवर सगळा दाब येतो. त्याच वेळी पाऊल अडकलेलं असेल आणि अंग वळलं, तर ती चकती दोन हाडांच्या चिमट्यात सापडते आणि फाटते. फाटलेला तुकडा मध्ये आला की गुडघा अडकतो.

"मग ते आपोआप सांधेल ना?" नवऱ्याने विचारलं.

"चकतीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोहोचतं, तिथलं कधी कधी सांधतं," डॉक्टर म्हणाले. "आतल्या भागाला रक्तच नाही, तो कशाने सांधणार? पण न सांधताही पुष्कळांचा त्रास जातो. सूज उतरू द्यायची, मांडीचे स्नायू घट्ट करायचे, मग ते गुडघ्याचं ओझं उचलतात. सहा आठवडे आराम आणि फिजिओथेरपी. तरी सूज राहिली, गुडघा अडकत राहिला, तर दुर्बिणीतून ऑपरेशन. शिवता आलं तर शिवू, नाहीतर फाटलेला भाग काढून टाकू."

"मला परत उकिडवं बसता येईल?" मी विचारलं.

"कशाला बसायचंय? स्टूल घ्या."

"स्टुलावर बसलं तर डोकं दिसतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि रिपोर्ट पाकिटात घातला. ऑपरेशनची मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. चकतीचा तुकडा काढून टाकला की पुढे तो गुडघा लवकर झिजतो असंही त्यांनी सांगितलं होतं. तसं झालं तर मोगरा सुटलाच. मी शाळेत रजा टाकली आणि मनाशी ठरवलं की सहा आठवडे पाय वर करून पडायचं आणि गुडघा शाबूत ठेवायचा.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एमआरआयचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मिसेसचा उजवा मेनिस्कस फाटला आहे. आराम सांगितला आहे. कोणी काळजी करू नये." आमच्याकडे असं लिहिणं म्हणजे आमंत्रणच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पहिले काका हजर झाले.

आजारी माणसाला बघायला जाणं ही आमच्या गावातली मोठी चांगली चाल आहे, हे मी आधीच सांगते, नाहीतर उद्या तेही ऐकावं लागेल. कोणी पडलं, कोणाचं ऑपरेशन झालं, की गाव लोटतं. रिकाम्या हाताने कोणी येत नाही. आणि आलेल्याला चहाशिवाय कोणी जाऊ देत नाही. चहाबरोबर काहीतरी खायला, आणि निघताना वाडीतलं काहीतरी पिशवीत. एवढं झाल्याशिवाय बघायला येणं पूर्ण होत नाही. आता नवरा कामावर गेलेला, मुलगी नोकरीला पुण्यात, घरात मी एकटी. मग चहा कोण करणार? जिचा गुडघा बघायला आलेत ती.

म्हणजे व्हायचं असं. मी उशीवर पाय ठेवून, बर्फाची पिशवी लावून पडलेली असायची. फाटक वाजायचं. मी "या, बसा" म्हणायचे, बर्फ बाजूला ठेवायचे आणि उठायचे. पाहुणे म्हणायचे, "उठू नकोस हं, अजिबात उठू नकोस." मी म्हणायचे, "नाही, नाही, चहा टाकते." ते म्हणायचे, "कशाला गं उगाच," आणि खुर्ची पंख्याखाली ओढून घ्यायचे. मग मी ओट्यापाशी एका पायावर उभी राहून चहा करायचे आणि ते बाहेरून मला मोठ्याने आरामाचं महत्त्व सांगायचे.

माझ्या गुडघ्यात काय झालंय हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी जन्मभर मोटारी दुरुस्त केल्या ते शेजारचे काका म्हणाले, "वॉशर गेलाय. नवा टाकतात, अर्ध्या तासाचं काम." शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी शिवण उसवल्याचं निदान केलं आणि उसवलेल्यावर नुसता टाका घातला तर कापड आणखी फाटतं असंही सांगितलं. एका गृहस्थांना हुबेहूब असंच दुखत होतं, पण त्यांचं पित्ताशय निघालं. एक दूरची मावशी वजनाबद्दल बोलली. बोलताना तिने बशीतली केळ्याची भजी संपवली आणि आणखी आहेत का विचारलं. दारावर येणारी कोळीण बाई टोपली खाली ठेवून म्हणाली, "पानी धरलाय बाय गुडघ्यान. निर्गुडीचा पाला बांध आनि कोनाचा आयकू नको." तिलाही मी चहा दिला. कोणाचं ऐकू नको असं सांगणारी तेवढी एकच होती, म्हणून तिला आलं घालून दिला.

सगळे प्रेमाने येत होते. हे मी रागाने लिहीत असले तरी खरं आहे. घरात केळ्यांची रास पडली. आमच्या वाडीतली केळी आम्ही लोकांना द्यायचो, लोक त्यांच्या वाडीतली आम्हांला आणून द्यायचे. गावातली केळी नुसती घरं बदलत होती.

फिजिओथेरपीला मी माणिकपूरला रिक्षाने जायचे. तिथली मुलगी माझ्या मुलीच्या वयाची आणि बोलायला लाघवी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला लावायची, पाय सरळ ठेवून वर उचलायला लावायची. "मांडी टाईट करा काकू, अजून टाईट, होल्ड, होल्ड." मांडीला स्नायू आहेत हे मला पन्नाशीनंतर कळत होतं. "घरी रेस्ट घेताय ना?" ती विचारायची. "पूर्ण," मी सांगायचे, आणि मला ते खरंच वाटायचं. दिवसभर मी आडवीच तर असायचे. मध्ये मध्ये उठून चहा करणं याला काम म्हणतात हे आमच्या घरात कधी कोणाच्या मनातही आलेलं नाही. माझ्याही आलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी मी परत तो जिना चढले. सूज होती तेवढीच होती. मधल्या काळात गुडघा पुन्हा अडकला होता, ओट्यापाशी, दूध उतू जात असताना. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि डायरी काढली. "आराम करून, व्यायाम करून काही फरक नाही. मग ऑपरेशनची तारीख घेऊ."

माझे डोळे भरून आले. मला रडायचं नव्हतं. डॉक्टर जरा नरमले आणि म्हणाले, "घरी दिवसभर काय करता ते सांगा बघू. उठल्यापासून."

मी सांगायला लागले. किती जण येतात, कोण काय आणतं, किती वेळा उठते. सांगता सांगता डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकायला लागले. उठताना मी पाऊल तिथेच ठेवून अंग वळवते, ओट्याकडून फ्रिजकडे, फ्रिजकडून कपाटाकडे, हेही त्यांनी मला खुर्चीतून उठवून करून दाखवायला लावलं. ज्या वळण्याने चकती फाटली तेच मी दिवसभर करत होते.

"तुम्ही आजारी आहात की हॉटेल चालवता?" ते म्हणाले. "आणखी तीन आठवडे देतो. या वेळी खरंच उठू नका. फरक नाही पडला तर ऑपरेशन."

 घरी जाताना नवऱ्याने एक मोठा थर्मास विकत घेतला. माझ्यासाठी त्याने शोधून काढलेला तो उपाय होता, आणि त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. सकाळी तो स्वतः थर्मासभर चहा करून कामावर जायचा. मी पलंगावरून सांगायचे, "चहा थर्मासमध्ये आहे, घ्या हं ओतून." लोक ओतून घ्यायचे आणि कप तोंडाला लावताना चेहरा असा करायचे की जणू औषध पितायत. दोनच दिवसांत गावात बातमी पसरली की मास्तरीणबाई आता थर्मासचा चहा देतात. आणखी दोन दिवसांनी कळलं की त्या उठून दारापर्यंतही येत नाहीत. मग कळलं की त्या मुळापासूनच तशा आहेत. माणसं यायची कमी झाली, आणि गुडघ्याची सूज उतरायला लागली. दोन्ही बरोबरच घडलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण संध्याकाळी फाटक वाजलं नाही की कसंनुसं व्हायचं, हेही खरंच.

ही बातमी विरारपर्यंत गेली, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेपर्यंत.

माझी नणंद आता सत्तरीला टेकली आहे. आमच्या घराण्याच्या रीतीभातींची सगळी जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली, त्याला जमाना झाला. कुठल्याही कार्यात ती बसलेली कोणी पाहिलेली नाही. पंगत बसली की हातात भाताचं भांडं घेऊन ही उभी. बायका खाली सतरंजीवर गप्पा मारत बसल्या की ही दाराला टेकून उभी, सगळ्यांच्या डोक्यावरून बघत. "आमच्यासारख्या खालच्या लोकांत बसेल कशी," असं आम्ही जावा-जावा म्हणायचो आणि हसायचो. माझ्या मुलीच्या बारशाला तर ती न जेवता निघून गेली होती. मागच्या दारी कामात होती, मध्येच उठली, कोणाशी न बोलता रिक्षा बोलावली आणि गेली. पाळण्यात नाव माझ्या माहेरच्या पसंतीचं ठेवलं म्हणून रुसली, असा निकाल त्याच संध्याकाळी लागला होता. तो रुसवा आमच्या घरात अजून चवीने सांगितला जातो, आणि सर्वांत चवीने मीच सांगते.

तर ती आली. दुपारची वेळ होती. फाटक वाजलं, तिने पाय धुतले, पदर सारखा केला आणि दारात उभी राहून माझ्याकडे बघितलं. मी पलंगावर, पाय उशीवर. माझं अर्धं अंग सवयीने उठलं होतं. मी ते ओढून परत खाली टेकवलं.

"या ताई, बसा," मी म्हटलं. "चहा थर्मासमध्ये आहे."

 तिने थर्मासकडे बघितलं आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आता ऐकून घ्यावं लागणार, हे मला कळलं. आतून भांड्याचा आवाज आला. ती स्वतः चहा टाकत होती. साखरेचा डबा आमच्याकडे ओट्याखालच्या कप्प्यात असतो, अगदी खाली. तो तिला दिसला असावा. मला पलंगावरून तिची पाठ दिसत होती.

ती खाली वाकली नाही. तिने आधी डाव्या हाताने ओटा धरला. मग उजवा पाय सरळ पुढे सरकवला, बाजूला, गुडघा न वाकवता. नुसत्या डाव्या पायावर अर्धवट उतरून, मान वाकडी करून तिने डबा ओढला. वर येताना क्षणभर थांबली, डोळे मिटले, दात ओठावर दाबले, पाय जरासा हलवून आतलं काहीतरी सोडवलं आणि मग उभी राहिली. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर त्याला काही दिसलं नसतं. मला दिसलं, कारण गेले दोन महिने मी अगदी असंच खाली जात होते आणि असंच वर येत होते.

ती दोन कप घेऊन आली. माझ्या हातात एक दिला आणि दाराला टेकून उभी राहिली, नेहमीसारखी.

"ताई," मी म्हटलं, "उजवा ना?"

"काय उजवा?"

"अडकतो का?"

ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "जिना उतरताना. आनि खाली बसले की. म्हणून बसत नाही."

"कधीपासून?"

"तुझ्या पोरीचं बारसं नाही का झालं? मागच्या दारी बसून मी केळफुलं सोलत होते. पुढून कोणीतरी हाक मारली, पावनी आली, चहाचं बघा. उठले तशी काहीतरी वाजलं आत. मग पायच सरळ होईना. सगळ्यांसमोर कशी लंगडत जेवायला येणार? रिक्षा केली आनि गेले."

 माझी मुलगी आता पुण्याला नोकरी करते. इतकी वर्षं ही बाई प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बाराव्याला उभी होती आणि आम्ही सतरंजीवर बसून तिच्याकडे बघून हसत होतो.

"अहो, पण सांगितलं का नाही कोणाला?" मला रागच आला. "एवढी वर्षं! डॉक्टरला दाखवलं असतं, व्यायाम केले असते."

"सांगितलं असतं तर बघायला आले असते सगळे," ती म्हणाली. "त्यांना चहा कोण देणार होतं? माझी सासू?"

मी हसायला लागले आणि हसताना रडायला लागले. तीही हसली. मी पलंगावर सरकून जागा केली आणि बसा म्हटलं. ती आधी नको नको म्हणाली. मग पलंगाची कड धरून, पाय लांब करून, बसली. बसल्यावर तिने जो श्वास सोडला तो मी विसरणार नाही. मी बर्फाची पिशवी माझ्या गुडघ्यावरून काढून तिच्या गुडघ्यावर ठेवली. "किती गार आहे गो," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी माझं ऑपरेशन पुढे ढकललं. सूज गेली होती, गुडघा अडकायचा थांबला होता, मांडी टाईट झाली होती. "पण उकिडवं नाही," ते म्हणाले. "निदान वर्षभर तरी विचारू नका." नणंदेलाही मी त्यांच्याकडे नेलं. आम्ही दोघी रेलिंगला धरून तो जिना चढलो. तिच्या गुडघ्यात आता चकतीपेक्षा झीज जास्त आहे. तिलाही टॉवेलची गुंडाळी मिळाली. ती निर्मळला राहायला आली आहे, व्यायामासाठी, असं आम्ही सगळ्यांना सांगितलंय.

मोगऱ्यासाठी मी हळहळत होते ते तिला एकदा सांगितलं, लपायच्या जागेसकट. ती म्हणाली, "त्यात काय? मी विरारला फ्लॅटमध्ये बाथरूमचा नळ सोडून बसते. तुझ्याकडे एवढी केळीची झाडं आहेत. केळींच्या आत खुर्ची टाक. उभी राहिलीस तरी कोणाला दिसणार नाहीस." इतकी वर्षं त्या वाडीत राहून मला हे सुचलं नव्हतं.

आता संध्याकाळी केळींच्या आत प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या असतात आणि समोर पाय ठेवायला एक उपडं क्रेट. परवा आम्ही तिथे बसलो होतो. वरून पानं हलत होती, मांडीवर मोगऱ्याच्या कळ्या होत्या. फाटक वाजलं. "आहे का कोणी घरात?" कोणीतरी मोठ्याने विचारलं. नणंदेचे दोन्ही हात लगेच खुर्चीच्या हातांवर गेले आणि ती उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. माझ्याही तोंडात "या" आलेलं होतं, ते मी गिळलं. आलेलं माणूस थोडा वेळ थांबलं, परत हाक मारली, मग फाटक वाजलं आणि पावलं निघून गेली.

"कोण असेल गो?" नणंदेने हळूच विचारलं.

"असेल कोणीतरी," मी म्हटलं. "गुडघा बघायला आलेलं."